घंटागाडीची कड आणि कामगाराची कंबर

'स्वच्छ सर्वेक्षण २०२१' मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत सांगली जिल्ह्यातील विटा शहराने देशात पहिला क्रमांक मिळविला. यंत्रमाग व सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी परिचित असलेल्या या शहराच्या गौरवात दारोदार फिरणाऱ्या सफाई कामगारांचा मोठा वाटा आहे. अशा श्रमांची एक बाजू मात्र कोणत्याही गावात सहसा चर्चिली जात नाही. ती म्हणजे कंबर, खांदे व गुडघे यांचे दुखणे.

दुखणे का जडते?

कामगार वाकतो, बादली उचलतो, कमरेत वळतो आणि गाडीच्या उंच कडेवरून ती रिती करतो. वाकून व वळून उचललेल्या ओझ्याचा ताण मणक्यांमधील चकत्यांवर येतो. ओझे शरीरापासून जितके दूर, तितका ताण अधिक. हात खांद्यांच्या वर गेले की तेथील स्नायू लवकर थकतात. आखूड खराट्याने झाडताना पाठ सतत वाकलेली राहते. एका घरची बादली पाच किलोची व फेरीत तीनशे घरे धरली, तर दीड टन भार होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सर्वांत अनुकूल स्थितीतही एका वेळी २३ किलोंचीच मर्यादा सुचविली. वाकणे, वळणे व वारंवार उचलणे यांमुळे ती आणखी खाली येते.

काय करता येईल?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी कामगारांना हातमोजे, योग्य पादत्राणे व रेनकोट देण्याचे बंधन घातले. त्यांनी इजा टळते, ओझे मात्र हलके होत नाही. ओझ्याचा निर्णय बहुतांशी खरेदीच्या दिवशीच होतो. म्हणून घंटागाडी घेताना तिची कड कमरेच्या उंचीची आहे किंवा चढण्यास पायरी आहे, हे पाहावे आणि ती वापरणाऱ्यांचे मत विचारावे. लांब दांड्याचे झाडू द्यावेत, ढकलगाडीच्या चाकांना नियमित वंगण द्यावे, जड पिंप दोघांनी उचलावे व कामे आळीपाळीने वाटावीत.

रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असे इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० मध्ये लिहून ठेवले. आरोग्य केंद्रांनी हा प्रश्न विसरू नये. आरंभीच उपचार मिळाल्यास दुखणे बळावत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना व विद्यार्थ्यांनी घरच्यांना एवढे सांगावे की, ओल्या कचऱ्यातील पाणी निथळू द्यावे आणि बादली काठोकाठ भरू नये. गावाची स्वच्छता कामगाराच्या पाठीवर उभी आहे. ती पाठ ताठ राहील, याची काळजी घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.