खाणीचा गाळ आणि माहितीचा हक्क

खाण व प्रदूषण हा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा नव्हे, असे माझ्या एका मैत्रिणीचे मत आहे. तिच्या मते तो भूगर्भशास्त्राचा, रसायनशास्त्राचा, फार तर अर्थशास्त्राचा विषय. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही असेच समजत होते. परंतु माझे घर गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका खाणीलगतच्या गावात आहे. घरच्या शेताने आणि विहिरीने मला जे शिकविले, त्यावरून हा प्रश्न जितका विज्ञानाचा तितकाच भाषेचा व समाजशास्त्राचाही आहे, अशी माझी खात्री झाली. खाणीने केलेली घाण कशी काढतात आणि ती काढताना गावकऱ्यांना काय सांगितले जाते, या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या सवलतींवर सुरू झाल्या. १९८७ च्या कायद्याने या सवलती रद्द होऊन त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. डिचोली, सत्तरी, सांगे व केपे हे या व्यवसायाचे मुख्य तालुके. येथील खाणी उघड्या असतात, म्हणजे डोंगर वरून कापीत खाली जावे लागते. एक टन खनिजासाठी साधारणपणे अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. या टाकाऊ मातीच्या टेकड्यांना आमच्याकडे 'डंप' म्हणतात. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशा सुट्या मातीचे काय होणार, हे सांगावयास नको. ती व्हाळात येते, व्हाळातून शेतात आणि शेवटी मांडवी-जुवारीच्या पात्रात. शिवाय खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यातील पाणी सतत उपसावे लागते, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी खाली जाते.

न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि गोव्यातील खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठविली. पुढे फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि त्यानंतर काही ठिकाणी काम पुन्हा चालू झाले. खाण बंद म्हणजे प्रदूषण बंद, असे आम्हांला त्या काळात वाटे. पण न्यायालयाचा हुकूम यंत्रांना थांबवितो, डंपाला नव्हे. पाऊस आला की डंप वाहतोच.

मग सफाई कशी करावयाची? याला एक क्रम आहे. आधी उगम बांधावयाचा, मग खालचा गाळ काढावयाचा. डंपाचा उभा उतार कापून त्याच्या पायऱ्या करतात. पायथ्याशी चिऱ्यांची भिंत घालतात. डोंगरावरून येणारे पाणी डंपावर न जाता बाजूने जावे म्हणून भोवती चर खणतात. उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवत व झुडपे लावतात, कारण मुळे जी माती धरतात ती भिंतीलाही धरवत नाही. खाणीतून बाहेर पडणारे पाणी एकामागून एक तळ्यांत थांबवून गाळ खाली बसू देतात आणि वरचे निवळ पाणीच व्हाळात सोडतात. हे सर्व झाल्यावर व्हाळ व शेते साफ करावयाची. हा क्रम उलटा केला तर पुढच्या पावसात गाळ पुन्हा हजर होतो.

आता आमच्या शेताची हकीकत. एका उन्हाळ्यात आमच्या वायंगण शेतातील गाळ काढण्यासाठी यंत्र आले. कोणाच्या शेतात किती खोल काढणार, काढलेली माती कोठे टाकणार, हे कोणीही सांगितले नव्हते. वरच्या कोपऱ्यात खाणीची माती वीतभर आहे आणि खालच्या कोपऱ्यात गुडघाभर, हे बाबांना पाठ होते. पण त्यांना विचारले कोणी? यंत्राने सगळीकडे सारखीच खोली धरली. वरच्या कोपऱ्यातील आमची पिढ्यान्‌पिढ्या मळलेली काळी माती गाळाबरोबर ट्रकमध्ये गेली आणि खालच्या कोपऱ्यात गाळ तसाच राहिला. कागदावर काम पूर्ण झाले. वरच्या कोपऱ्यात पुढची दोन वर्षे भात नीट धरले नाही. बाबा एवढेच म्हणाले, "खाणीने वर माती घातली, सफाईने खालची नेली."

विहिरीचीही तीच गत. तीन वेळा माणसे आली आणि बाटल्या भरून पाणी घेऊन गेली. निकाल मात्र कळला नाही. परिणामी अर्धे गाव भीतीने विहीर सोडून टँकरची वाट पाहू लागले आणि अर्धे गाव काही होत नाही म्हणून तेच पाणी पीत राहिले. माझी आजी पाणी उकळून देई व निश्चिंत राही. अखेर शेजारच्या काकांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दोन पाने आली, ती इंग्रजीत. "तू कॉलेजात जातेस, वाचून दाखव," म्हणून ती माझ्या हातात दिली गेली. अक्षरे वाचता आली, अर्थ कळला नाही. मला फार शरम वाटली. शेवटी एका विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी समजावून सांगितले ते असे: पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. आमच्या विहिरीचा आकडा या दोहोंच्या मध्ये होता. पाणी उकळल्याने जंतू मरतात, मँगनीज जात नाही. आणि पावसाळ्यातील गढूळ पाण्यात औषध टाकले तरी ते नीट काम करीत नाही. म्हणजे भिणारे व निर्धास्त असणारे, दोघेही अंधारात होते. चार वाक्यांची ही माहिती गावात पोचायला दीड वर्ष लागले.

कायद्यात तरतूद नाही असे नव्हे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो. मात्र ही सक्ती सारांशापुरतीच आहे. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाण-जिल्ह्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची योजना झाली आणि त्याचा निधी पिण्याचे पाणी व प्रदूषण-नियंत्रण अशा कामांवरही खर्च करावयाचा आहे. पण निधी आहे हे ज्या गावाला ठाऊक नाही, ते गाव मागणी कशाची करणार?

या संदर्भात अमेरिकेतील लिबी या खाणगावाचे उदाहरण मला बोधप्रद वाटते. मोंटाना राज्यातील या गावात वर्मिक्युलाइट नावाचे खनिज निघे व त्यात घातक अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेला होता. लोकांनी खाणीचा माल बागेत घातला, शाळेच्या धावपट्टीवरही तो पसरला गेला. खाण १९९० मध्ये बंद झाली. पण सरकारी पर्यावरण खाते गावात सफाईसाठी पोचले ते नोव्हेंबर १९९९ मध्ये, वृत्तपत्रांत मृत्यूंच्या बातम्या आल्यावर. धूळ वाईट खरीच, पण तिच्याविषयीच्या मौनाने लोक वर्षानुवर्षे तीत वावरत राहिले. त्या देशाच्या सफाई-कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीने एक शहाणी सोय झाली आहे. बाधित नागरिकांच्या गटाला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी अनुदान मिळते. अहवाल लिहिणारा एक आणि लोकांच्या बाजूने तो वाचून सांगणारा दुसरा, ही ती कल्पना.

या अभ्यासातून मी एका निष्कर्षाप्रत आले आहे. माहिती देणे हे सफाईनंतरचे सौजन्य नव्हे, तो सफाईचाच भाग आहे. काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत नकाशा मांडावा आणि शेतकऱ्याबरोबर बांधावर उभे राहून गाळाची खोली ठरवावी. विहिरीच्या पाण्याचा निकाल त्या विहिरीपाशीच मराठीत व कोकणीत लावावा. हे पाणी प्यावे की नाही, एवढे त्यात स्पष्ट असावे. काढलेला गाळ कोठे टाकला तेही लिहावे, नाही तर एका गावाची सफाई ही दुसऱ्या गावाची घाण होते.

आता त्या मैत्रिणीला उत्तर. मँगनीज मोजणे आपले काम नाही, हे मान्य. पण मोजलेला आकडा आजीला कळेल अशा भाषेत सांगणे हे काम भाषा व समाज यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नाही करावयाचे, तर कोणी? आपल्या महाविद्यालयात खाणपट्ट्यातील गावांतून येणारे विद्यार्थी काही कमी नाहीत. प्रत्येकाने आपल्या पंचायतीतला एक अहवाल घ्यावा, विज्ञानाच्या एखाद्या प्राध्यापकाकडून समजून घ्यावा आणि दोन पानांत मराठीत उतरवून ग्रामसभेत वाचावा. गुरुजनांनी हे प्रकल्पकार्य म्हणून मान्य केले तर फारच उत्तम. आमच्या विहिरीची ती दोन पाने मी मराठीत लिहून काढली आहेत. ती आता विहिरीजवळच्या घराच्या ओसरीवर लावलेली असतात. आजीला वाचता येत नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडून वाचून घेते.