पाऊस पडला, तरी विहीर रिती का?

(पाठ : उत्पत्ति २६:१२-२२)

पलिष्ट्यांनी मातीने बुजविलेल्या आपल्या बापाच्या वेळच्या विहिरी इसहाकाने पुनः खणिल्या. आमच्या मराठवाड्यातील विहिरी कोणी शत्रू बुजवीत नाही. तरी माघ-फाल्गुनात पुष्कळांचा तळ दिसू लागतो. मंडळीतील वडील माणसे उपदेशकास पुसतात, "पाऊस तर पडला, मग देव रागावला काय?"

कोपाची गोष्ट काढण्यापूर्वी पाऊस कसा पडतो हे पाहणे अगत्याचे आहे. कोळसा व तेल जाळल्याने हवेत जो वायु साचतो, त्याने पृथ्वी व समुद्र तापत चालले आहेत. उष्णता एक अंश सेल्सिअस वाढली म्हणजे हवा सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते, व ती वाफ मग एकदम कोसळते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले की, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावरील अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. एकंदर पाऊस मात्र घटला.

आता आमची जमीन पाहा. थोड्या मातीखाली काळा पाषाण; त्याच्या भेगांतून पाणी हळूहळू झिरपते. भिजपावसाची झड चार दिवस लागली तर विहिरीस पाझर फुटतो. तेच पाणी दोन घटकांत पडले तर माती घेऊन ओढ्याने निघून जाते. २०१६ च्या एप्रिलात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि त्याच सप्टेंबरात तेथे पूर आले. तो दुष्काळ केवळ उष्णतेने पडला असे आम्ही म्हणत नाही. अल निनो व आमचा ऊस हेही त्यास कारण होते. परंतु धूर मनुष्याचा असता दोष देवाच्या माथी मारणे आम्हांस योग्य वाटत नाही.

इसहाकाच्या गुराख्यांशी लोक पाण्यावरून भांडले. टँकर आला म्हणजे आमच्याकडेही तेच होते. आपल्यांपैकी कित्येकांच्या आजोबांनी गावच्या विहिरीबाहेर उभे राहून वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेतले आहे. १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर जे घडले ते ह्याच दुःखापायी. तेव्हा मंदिराच्या आवारातील बोअरला उन्हाळ्यात कुलूप लागते असे ऐकले म्हणजे आम्हांस लाज वाटते.

उपदेशकांनी वैशाखातच विहिरीतील गाळ काढवावा, शेताचे बांध नीट करवावे, आणि रोजचा पाऊस मांडून ठेवावा. वर्षाच्या बेरजेवरून काही कळत नाही. पर्जन्यमापक नसल्यास सरळ बाजूंचा डबा झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवून सकाळी साडेआठ वाजता पट्टीने मोजावे व डबा रिता करावा.