गप्पी माशांचे मत्स्यपात्र : परिसर अभ्यासाचा एक पाठ

वसमत तालुक्यात उन्हाळा चढू लागला की घरोघरी रांजण, पिंपे व हौद भरून ठेवण्याची धांदल सुरू होते. पाणी जपून ठेवणे ही या भागातील कुटुंबांची जुनी व शहाणपणाची सवय आहे. परंतु जे पाणी माणसासाठी साठविले जाते, त्याच पाण्यात डासांची मादीही अंडी घालते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास तर साठविलेले स्वच्छ पाणीच पसंत करतो आणि तो दिवसा, म्हणजे मुले शाळेत व अंगणात असतात त्या वेळी, चावतो. यास्तव डासाचे जीवनचक्र व त्याच्या अळ्या खाणारा मासा यांचा परिचय हा केवळ परीक्षेपुरता विषय नाही. वर्गात गप्पी माशांचे एक लहान मत्स्यपात्र ठेवल्यास हा परिचय मुलांना प्रत्यक्ष निरीक्षणातून घडविता येतो.

नावाची कथा

गप्पी हे नाव ऐकताच मुलांना गप्पांची आठवण होते. पण त्याचा गप्पांशी काही संबंध नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व त्रिनिदाद बेटावरील. १८५९ मध्ये पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढे रॉबर्ट जॉन लेच्मीअर गप्पी या गृहस्थांनी त्रिनिदादहून काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले व १८६६ मध्ये त्यांच्या नावावरून माशास नाव देण्यात आले. आधीचे वर्णन पीटर्सचे असल्यामुळे शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा हेच राहिले. लोकांच्या तोंडी मात्र गप्पी हे नाव रुळले. हे गप्पी महाशय त्रिनिदादमध्ये शाळांचे मुख्य निरीक्षक होते, ही गोष्ट शिक्षकबंधूंना विशेष वाटेल.

डास व हिवताप यांचा संबंध ज्या संशोधनाने उलगडला, ते तर याच प्रदेशाच्या जवळचे आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले. वसमत त्या काळी हैदराबाद संस्थानात होते व सिकंदराबादची छावणीही त्याच संस्थानाच्या प्रदेशात होती. या कार्याबद्दल रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो; त्या दिवशी हा पाठ घेणे औचित्यपूर्ण होईल.

पात्र व पाणी

४५ सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी काचेची पेटी पुरेशी होते. त्यात २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरल्यास किती लिटर पाणी मावेल, हे मुलांकडून काढवून घ्यावे. उत्तर सुमारे २८ लिटर येते. प्रत्येक मोठ्या माशास निदान दोन लिटर पाणी असावे. म्हणजे या पेटीत १४ हून अधिक मोठे मासे ठेवू नयेत. तळाशी धुतलेली वाळू व बारीक खडे पसरून हायड्रिलासारखी पाणवनस्पती लावावी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असते. याकरिता पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी गप्पीस चांगले मानवते. २४ ते २८ अंश तापमान त्यास सुखाचे असते. मराठवाड्यातील वैशाखाच्या उन्हात काचेची पेटी लवकर तापते, म्हणून ती खिडकीपासून दूर, सावलीत ठेवावी.

माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो. वाळूत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर कमी अपायकारक नायट्रेट बनवितात. हे जंतू वाढावयास काही आठवडे लागतात. म्हणून आरंभी दोन-तीनच मासे सोडावेत व पुढे हळूहळू संख्या वाढवावी. दर आठवड्यास एक-तृतीयांश पाणी बदलावे; सर्व पाणी एकदम बदलू नये. काढलेले पाणी फडक्याने गाळून बागेतील झाडांना घालावे. नायट्रेट हे झाडांचे अन्नच होय.

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पाळलेले मासे उपासाने मरण्यापेक्षा अति खाद्याने नासलेल्या पाण्यात मरतात, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

नर, मादी व पिले

नर लहान, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा व रंगीत असतो. मादी त्याहून मोठी व फिकट करड्या रंगाची असते. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. नर अधिक झाल्यास ते माद्यांचा सतत पाठलाग करून त्यांना थकवितात.

बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पीची मादी मात्र पिलांना जन्म देते. अंडी तिच्या पोटातच वाढतात व सुमारे चार आठवड्यांनी पिले बाहेर येतात. मादीच्या पोटाच्या मागील बाजूस असलेला काळसर ठिपका दिवसेंदिवस मोठा दिसू लागतो. मुलांनी त्याची नोंद तारीखवार करावी. एका वेळी वीस ते पन्नास किंवा त्याहूनही अधिक पिले होतात. नराशी एकदा झालेल्या संयोगावर मादी पुढे कित्येक महिने पिले देऊ शकते. म्हणून नर वेगळे केल्याने पैदास तत्काळ थांबत नाही.

मोठे मासे, प्रत्यक्ष मातासुद्धा, पिलांना खातात. पिले वाचवावयाची असल्यास पाणवनस्पती दाट ठेवावी अथवा पिले दुसऱ्या भांड्यात काढावीत. दोन-तीन महिन्यांत ती स्वतः प्रजननक्षम होतात.

अळ्यांचा प्रयोग

रुंद तोंडाच्या दोन बरण्या घेऊन प्रत्येकीत सारखे पाणी व मोजून वीस अळ्या सोडाव्यात. एकीत एक मोठी मादी सोडावी, दुसरीत मासा नसावा. दोन्ही बरण्यांची तोंडे पातळ फडक्याने घट्ट बांधावीत. एका तासाने व दुसऱ्या दिवशी अळ्या मोजून आकडे फळ्यावर लिहावेत. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाकाठी ८० ते १०० अळ्या खाऊ शकतो, याची सत्यता मुलांना पटू लागेल. प्रयोग संपताच मासा पेटीत परत सोडावा व दुसऱ्या बरणीतील पाणी कोरड्या जमिनीवर ओतून अळ्या नष्ट कराव्यात. नाही तर शाळेतच डास तयार होतील.

यावरून मासा सोडला की काम संपले, असा समज मात्र होऊ देऊ नये. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या भिंतीस चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. तेथे मासा पोहोचत नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून रांजण व पिंपे रिकामी करावीत, आतून घासावीत व झाकून ठेवावीत. जो हौद रिकामा करता येत नाही, त्याच्यासाठी मासा होय.

जास्त झालेल्या माशांचे काय करावे?

चार माद्यांनी प्रत्येकी २५ पिले दिली तर एका महिन्यात किती होतील, असे विचारताच मुले शंभर हे उत्तर देतील. पेटीत मात्र चौदाच माशांना जागा आहे. मग उरलेले नदीत सोडावेत, असे कोणी सहज सुचवील. या सूचनेस शिक्षकाने तेथेच थांबवावे व कारण समजावून द्यावे.

गप्पी हा परदेशी मासा आहे. तो थोड्या प्राणवायूत व घाण पाण्यातही तग धरतो, झपाट्याने वाढतो आणि देशी माशांची अंडी व पिले खातो. पूर्णेत सोडलेला मासा पूर्णेपुरता राहत नाही. ते पाणी पुढे गोदावरीस मिळते. नदीतील लहान देशी मासेही डासांच्या अळ्या खातात आणि भोई बांधवांचा निर्वाह नदीवर अवलंबून असतो. एका रोगाचा बंदोबस्त करताना दुसरी हानी ओढवून घेणे शहाणपणाचे नाही. नदी, तलाव, कालवा अगर ओढा यांत गप्पी कधीही सोडू नये.

जास्तीचे मासे दुसऱ्या शाळेस द्यावेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांस विचारून गावातील बंदिस्त हौदांत सोडावेत. महाराष्ट्रात आरोग्य खाते हिवताप व डेंग्यू यांच्या नियंत्रणासाठी हे मासे वापरीत आले आहे. त्यामुळे प्रथम मासेही तेथूनच मागविता येतील. पिलांची जागा नसेल तेव्हा ती वेगळी काढू नयेत, म्हणजे संख्या आपोआप मर्यादित राहते.

प्रत्येक वर्गाने एक नोंदवही ठेवावी. तीत पाण्याचे तापमान, पाणी बदलल्याची तारीख, पिलांची संख्या व मासे कोणत्या हौदात सोडले याची माहिती लिहावी. त्याच वहीत दर आठवड्यास किती मुलांच्या घरी रांजण घासला गेला, हेही लिहावे. पाठाचे खरे फळ या शेवटच्या रकान्यात दिसेल.