बोअरचं पाणी आणि गाडीची वॉटर बॉडी

वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनातलं पाणी फिरवणारा पंप, एका दिवसात जात नाही. महिना-दोन महिने आधीपासून ती कळवत असते, आपण कानाडोळा करतो. सकाळी गाडी काढली की उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग दिसतो. कूलंटच्या डब्यातली पातळी हळूहळू बोटभर खाली जाते. बॉनेट उघडलं की बेल्टच्या आसपास वाळलेल्या कूलंटचे हिरवट-पांढरे ओघळ. माझ्या 2008 च्या डिझेल स्विफ्टने ही सगळी लक्षणं रीतसर दाखवली होती. गॅरेजमध्ये नेली तेव्हा उत्तर मिळालं, "होजची क्लिप ढिली होती, आवळली. जावा बिनघोर."

क्लिपचा काहीच दोष नव्हता. बॉडीच्या पोटात एक दांडा फिरतो. त्याच्या एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला पाणी ढकलणारा पंखा. मध्ये बेअरिंग आणि पाणी अडवणारं सील. या दोघांच्या मधोमध कारखान्यानेच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं आणि आपल्याला दिसावं, एवढ्यासाठीच ते असतं. नव्या बॉडीतून सुरुवातीला एखादा थेंब आला तर हरकत नाही, पण रोज ओघळ येत असेल तर सील गेलं असं समजायचं. हे भोक एम-सीलने बुजवून दिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. गळती थांबते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पाणी मुकाट बेअरिंगमध्ये जातं. मग ग्रीस धुऊन निघतं, दांडा डुलायला लागतो आणि एके दिवशी बेल्ट उडतो. त्या बेल्टवर अल्टरनेटरही असतो, म्हणजे चार्जिंगही गेलं.

माझ्या गाडीला हा दिवस ऐन ऊसतोडीच्या हंगामात आला. नृसिंहवाडीत दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना मिरजेच्या गाडीला सोडायचं होतं. शिरोळच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती. समोरून वारा नाही, इंजिनवर जोर, वर एसी चालू. आधी बेल्टची किंचाळी ऐकू आली, मग तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकायला लागला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. पाहुण्यांना मागून येणाऱ्या वडापमध्ये बसवून दिलं.

शेजारच्या फडात मोटार चालू होती, पाइपमधून गार पाणी धो-धो पडत होतं. जमलेल्यांपैकी दोघा-तिघांनी लगेच बादली मागवली. ट्रॅक्टरवरच्या एका वयस्कर ड्रायव्हरने मात्र हात आडवा केला. "आत्ता पाणी वतू नका, हेड वाकंल." त्या माणसाने माझे बरेच हजार रुपये वाचवले. या 1248 सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं तर ते वाकतं किंवा तडकतं. मग हेड उतरवा, मशीनवर फेसिंग मारा, गॅस्केट बदला, असा खर्च सुरू होतो आणि त्यापुढे वॉटर बॉडीची किंमत किरकोळ वाटते.

तेव्हा काटा चढला की आधी एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर लावून पंखा जोरात सोडा, इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने निघते. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण पुढे सुरक्षित जागी गाडी थांबवेपर्यंत तेवढा वेळ काढता येतो. थांबल्यावर रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या डब्याच्या टोपीला हात लावू नका. शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी केवळ दाबामुळे उकळत नसतं. टोपी फिरवली की दाब सुटतो आणि वाफ थेट तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबायचं. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे काटा अचानक खाली आला तर गाडी गार झाली असं समजू नका. पाणी पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगतो. अशा वेळी "आता बरी दिसते" म्हणून पुन्हा चावी फिरवली की इंजिनच जाम होण्याची वेळ येते.

गाडी ओढून नेली त्या गॅरेजमध्ये बॉडी बदलून मिळाली. स्वस्तातली होती. वर्षभराच्या आतच तिच्याही भोकातून ओघळ सुरू झाला. मग जयसिंगपूरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने काढलेली बॉडी माझ्या हातात दिली. पंख्याच्या पात्यांवर चुन्यासारखा पांढरा थर बसला होता, नखाने खरवडला तर खपल्या पडत होत्या. सीलच्या चकतीवर, जी आरशासारखी गुळगुळीत असायला हवी, गोल गोल चरे उमटले होते. आणि जोडावरचं सिलिकॉन इतकं लावलेलं की त्याचे शेव आत लोंबत होते. त्यातला एखादा तुकडा सुटला की तो रेडिएटरच्या बारीक नळीत जाऊन बसणार. मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं घातलं होतं?"

बोअरचं. आधीच्या गॅरेजने दारातल्या नळाचं पाणी भरून वर थोडं कूलंट रंगापुरतं टाकलं होतं. शिरोळ तालुक्यात हे परवडणारं नाही. उसाला वर्षानुवर्षं पाटाने दिलेल्या पाण्यामुळे इथली हजारो एकर जमीन क्षारपड झाली, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तेच क्षार बोअरच्या पाण्यात असतात. घरातल्या गिझरची कॉइल जशी पांढरी होते, तेच इंजिनाच्या आत घडतं. तापलेल्या भिंतीवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसतो, त्याचे कण सील घासतात, आणि मिठाचा अंश ॲल्युमिनियम खातो. ही बॉडी खराब माल म्हणून गेली असेलही, पण चांगली घातली असती तरी या पाण्यात ती टिकली नसती.

दुसरं कारण आम्हा नदीकाठच्यांचं. पाऊस वाढला की कृष्णा-पंचगंगेचं पाणी वाडीच्या देवळात येतं, दक्षिणद्वार सोहळ्याला लोक लांबून स्नानाला येतात. 2019 च्या ऑगस्टात मात्र ते पाणी घराघरांत गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा आलं. 2019 ला माझी गाडी पाहुण्यांच्या दारात बंपरपर्यंत पाण्यात उभी होती. पुराचं पाणी बंद कूलंटमध्ये शिरत नाही, पण बेल्टच्या आयडलर आणि टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये गाळ जातो. ती बेअरिंगं घरघरायला लागली की बेल्ट डुलतो आणि त्याचा ताण वॉटर बॉडीच्या दांड्यावर येतो. पहिल्यांदा बॉडी बदलताना कुणी ही बेअरिंगं हाताने फिरवूनही पाहिली नव्हती. पुरात उभी राहिलेली गाडी असेल, किंवा पूरग्रस्त भागातली सेकंडहँड घेतली असेल, तर वॉटर बॉडीच्या कामात बेल्ट, आयडलर, टेन्शनर एकदमच बदला. मजुरी एकदाच पडते.

काम करून घेताना समोर उभं राहा. उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढल्याशिवाय या गाडीत नीट हात पोचत नाही. वरूनच उरकतो म्हणणाऱ्यापासून सावध. हे इंजिन मूळ फियाटचं. मानेसरला मारुतीसाठी आणि आपल्या रांजणगावला फियाट-टाटांसाठी ते बनत असे, त्यामुळे सुटे भाग मुबलक आहेत. याच कारणाने गल्लतही होते. जुनी आणि नवी बॉडी शेजारी ठेवून पुलीचा व्यास, भोकं आणि पंख्याची खोली ताडून पाहा. बसवण्याआधी जोडाची जागा पत्र्याने खरवडून नव्हे, हळुवार साफ केलेली असावी. पॅकिंग नवं. कंपनीने पॅकिंग दिलं असेल तर वर सिलिकॉनचा लेप नको. थर्मोस्टॅट आणि कूलंटच्या डब्याची टोपी त्याच वेळी बदलून टाका. जुन्या टोपीने दाब धरला नाही तर नवी बॉडी असूनही गाडी तापते.

थर बसला असेल तर आधी फ्लश करून घ्या. मग कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं मिळत असेल तर तेच बरं. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल हा रंगाचा खेळ आहे, डब्यावर तुमच्या इंजिनासाठीचं मानक लिहिलेलं बघा. एअर नीट काढून घ्या. हीटरमधून गरम हवा यायला लागली आणि रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला, की मगच पैसे द्या. गाडी एकदा जोरात तापली असेल तर ऑइलची पट्टी काढून पाहायची. ऑइल बासुंदीच्या रंगाचं दिसलं तर पाणी मिसळलंय, गाडी सुरूच करू नका.

बाकी एक काम राहतं आणि ते सगळेच विसरतात. काढलेलं जुनं कूलंट गटारीत सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं म्हणून कुत्री आणि जनावरं ते चाटतात, आणि ते विषारी आहे. वाडीचा उतार तर नदीकडेच आहे. ते डब्यात भरून झाकण लावा आणि मिस्त्रीला वेगळं ठेवायला सांगा. जळक्या ऑइलच्या पिंपात ते ओतू देऊ नका.