परिचारिकेची आजारपणाची रजा : शास्त्र, कायदा व व्यवहार

चिकित्सेच्या यशासाठी चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चार पाद सांगितले आहेत. यातील उपस्थाता म्हणजे आजची परिचारिका होय. औषधीद्रव्ये सर्दावू नयेत म्हणून आपण दक्षता घेतो. परंतु परिचारिका आजारी पडल्यास तिला किती दिवस पगारी रजा द्यावी, याचा लेखी नियम आपल्यापैकी किती जणांच्या रुग्णालयांत आहे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

शास्त्रीय आधार

रात्रीचे जागरण रूक्ष असून ते वातप्रकोप करते. पाळीवर एकट्याच असलेल्या परिचारिकेला निद्रा, क्षुधा, मूत्र यांचे वेगधारण वारंवार घडते. ज्वर उतरल्यावरही पूर्ण बल येईपर्यंत श्रम वर्ज्य करावेत, असे चरकाचार्य सांगतात. हे पथ्य आपण रुग्णास आवर्जून सांगतो; परिचारिकेस मात्र ताप उतरताच रात्रपाळीवर बोलावतो. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात स्पर्श, निःश्वास, सहभोजन इत्यादींनी पसरणाऱ्या औपसर्गिक रोगांत ज्वराचीही गणना केली आहे. म्हणजेच तापातील परिचारिकेला कामावर ठेवणे हे रुग्णांच्याही अहिताचे आहे. पगार कापला जाईल या भीतीने ती आजार लपविते, तेव्हा हा धोका आपणच ओढवून घेतो.

कायद्याची स्थिती

शासकीय परिचारिकांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यानुसार वर्षाला ३० दिवस अर्जित व २० दिवस अर्धपगारी रजा खाती जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धपगारी रजेचे पूर्ण पगारी परिवर्तित रजेत रूपांतर करता येते. मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात.

खासगी आस्थापनांसाठी राज्याचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आहे. त्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा, तसेच २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा आहे. आजारपणाची वेगळी रजा मात्र नाही. शिवाय या तरतुदी मूळ अधिनियमात १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू होत्या. ही मर्यादा २० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ येथील दोन-चार परिचारिकांची रुग्णालये अशा मर्यादेच्या बाहेरच राहतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने खासगी परिचारिकांच्या रजा व कामाचे तास शासकीय परिचारिकांप्रमाणे असावेत, तसेच ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही मासिक वेतन रु. २०,००० पेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे; म्हणून लहान रुग्णालयांत हा विषय मालकाच्या विवेकावर येऊन ठेपतो.

व्यवहार

खर्चाची शंका रास्त आहे. समजा, चार परिचारिका आहेत, प्रत्येकीस रु. २०,००० वेतन आहे व प्रत्येकीने वर्षात ६ दिवस आजारपणाची रजा घेतली. एकूण २४ दिवसांसाठी त्याच दराने बदली परिचारिका बोलाविल्यास वर्षाचा जादा खर्च रु. १६,००० होतो, म्हणजे महिन्याला सुमारे रु. १,३३३. अनुभवी परिचारिका सोडून गेल्यास नवीन शोधून तिला पंचकर्माची पूर्वतयारी शिकविण्याचे श्रम याहून भारी पडतात.

यासाठी पुढील नियम आम्ही सुचवितो :

(१) नैमित्तिक रजेव्यतिरिक्त वर्षाला किमान ६ दिवस पूर्ण पगारी आजारपणाची रजा द्यावी.
(२) दोन दिवसांपर्यंत प्रमाणपत्र मागू नये.
(३) प्रमाणपत्र लागल्यास ते रुग्णालयाच्या मालकाने स्वतः न देता अन्य नोंदणीकृत वैद्यकाचे घ्यावे.
(४) बदली परिचारिका शोधण्याची जबाबदारी मालकाची असावी, आजारी व्यक्तीची नव्हे.
(५) रजेचा हिशेब हजेरीपटावर ठेवून तो परिचारिकेस दाखवावा.

गावातील दोन-तीन रुग्णालयांनी मिळून बदली परिचारिकांची एक यादी ठेवल्यास चौथा नियम सहज पाळता येईल. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही हेच नियम आपल्या मदतनिसांना लावावेत. तापाने ग्लानी आलेल्या हातून मात्रेची पुडी चुकण्यास वेळ लागत नाही. नियम एका पानावर लिहून, दिनांक घालून, दर्शनी भागी लावावा. लिहिलेल्या नियमाने रजा ही कृपा न राहता हक्क होते, आणि चिकित्सेचा तिसरा पाद दृढ होतो.