विडीची तलफ आणि गीतेतील ‘वेग’

श्रीमद्भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील तेविसाव्या श्लोकात भगवंतांनी योगी आणि सुखी ही दोन्ही विशेषणे एकाच मनुष्यास दिली आहेत. काम आणि क्रोध यांपासून उठणारा वेग जो देह पडण्यापूर्वी, याच लोकी, सहन करू शकतो, तो हा मनुष्य. विडी किंवा सिगारेट सोडू पाहणाऱ्या गृहस्थाने या श्लोकातील ‘वेग’ शब्दाचा नीट विचार करावा. व्यवहारात जिला तलफ म्हणतात, ती हाच वेग होय.

‘वेग’ शब्द ज्या ‘विज्’ धातूपासून झाला, त्याचा अर्थ कंप पावणे, हलणे असा आहे; ‘उद्वेग’ हा त्याच कुळातला. वेग ही हालचाल आहे, स्थिती नव्हे. म्हणून तो जसा चढतो तसा ओसरतो. एक तलफ बहुधा काही मिनिटेच टिकते, मग विडी ओढा अथवा ओढू नका. परंतु व्यसनी मनुष्यास हे कळण्याची संधीच मिळत नाही. तलफ उठताच हात काड्यापेटीकडे जातो आणि वेग विडीमुळेच शमला अशी समजूत दृढ होते. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी कामरूपी शत्रूस मारण्याची आज्ञा आहे खरी. पण विडी सोडल्याच्या पहिल्या दिवशी साधकाच्या हाती असते ते सहन करणे, आणि तेवढे पुरते.

श्लोकात कामाबरोबर क्रोधही आला आहे, हे विशेष. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात दोन्ही वेगांची लक्षणे वेगळी दिली आहेत; क्रोधाच्या वेगात अंग थरथरणे, घाम येणे, ओठ चावणे, डोळे लाल होणे. विडी सोडलेल्यास दोन्ही वेग एकाच वेळी गाठतात. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते; पहिले दोन-तीन दिवस अस्वस्थता सर्वाधिक असते आणि तीन-चार आठवड्यांत ती बरीच निवळते. या दिवसांत आमटीत मीठ कमी पडले म्हणून घर डोक्यावर घेणारा गृहस्थ दुष्ट झालेला नसतो. त्याने हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. तेही मग त्याचे बोलणे मनावर घेणार नाहीत.

कामाची वसतिस्थाने इंद्रिये, मन आणि बुद्धी अशी तीन सांगितली आहेत (अ. ३, श्लो. ४०). इंद्रियांचा बंदोबस्त सोपा: थोटके, काड्यापेटी, राखदाणी घरातून बाहेर काढावी, तलफ येताच जागा सोडावी, पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, बोटांत जपमाळ धरावी. मन चहा, जेवण, कचेरीतील मधली सुट्टी यांच्याशी विडी जोडून बसलेले असते. तेथे नुसते बसून ‘ओढायची नाही, ओढायची नाही’ असे घोकणे हेही विडीचेच चिंतन होय, आणि चिंतनातून आसक्ती कशी उपजते हे दुसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे. त्यापेक्षा जेवणानंतर तत्काळ दुसरे काम हाती घ्यावे.

खरा चोर बुद्धीत बसतो. ‘आज एकच’, ‘कन्येचे लग्न पार पडू दे, मग सोडू’ असे तो न्यायनिपुण वकिलाप्रमाणे बोलतो. क्वचित शास्त्राधारही देतो: आयुर्वेदातच धूमपान सांगितले आहे! चरकसंहितेत धूमपान आहे, पण ते औषधी वनस्पतींच्या वर्तीचे. तंबाखू हे अमेरिकेतील झाड. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ते या देशात आले. चरकाचार्यांना ते ठाऊकच नव्हते. एकादशीला दिवसभर निराहार राहणारा पुरुष ‘माझ्याच्याने विडी सुटत नाही’ म्हणतो, तेव्हाही हाच वकील बोलत असतो. भूकही लाटांनी येते व जाते, हे त्याने प्रत्येक पंधरवड्यास अनुभवलेले असते.

चरकसंहितेचाच आधार हवा असेल, तर सूत्रस्थानाचा सातवा अध्याय पाहावा. मलमूत्रादींचे वेग अडवू नयेत आणि लोभ, क्रोध इत्यादींचे अडवावेत, असा विवेक तेथे केला आहे. अंगवळणी पडलेली अहितकारक सवय अंशाअंशाने सोडण्याचा क्रमही त्याच अध्यायात आहे. एकदम सोडणे ज्यास साधत नाही त्याने तो क्रम धरावा. मात्र शेवटच्या विडीचा दिवस आधी ठरवावा, नाहीतर शेवटचा अंश वर्षानुवर्षे उरतो. वैद्याच्या सल्ल्याने औषध घेण्यातही कमीपणा नाही. तापात काढा घेणाऱ्यास कोणी असंयमी म्हणत नाही.

महिना उलटल्यावर, कधी वर्षानेही, जुन्या मित्राच्या भेटीत तलफ अवचित उठते. ‘आपले सारे व्यर्थ गेले’ असे वाटून पुष्कळजण याच क्षणी घसरतात. विषय सोडले तरी त्यांची गोडी मागे राहते, हे दुसऱ्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या श्लोकाने आधीच सांगून ठेवले आहे. परमतत्त्वाच्या दर्शनाने ती गोडीही निवृत्त होते, असे तोच श्लोक म्हणतो; तोपर्यंत ती येईल, आणि आली तरी काही मिनिटांचीच असेल.