गळीत हंगामापूर्वी ट्रॅक्टरची ऑइलगळती थांबवा



पाथर्डी हा अवर्षणप्रवण तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड कामगार कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि त्यांच्याबरोबर ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टरही जातात. पुढील चार-पाच महिन्यांच्या वाहतुकीवर ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते आणि घरखर्च अवलंबून असतो. अशा वेळी गिअर बॉक्सखाली पडणाऱ्या थेंबांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

साधारण 20 थेंबांचे 1 मिलिलिटर होते. दर पाच सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला 36 मिलिलिटर आणि दहा तासांच्या कामात 360 मिलिलिटर ऑइल जाते. दहा दिवसांत ही गळती साडेतीन लिटरच्या वर पोहोचते. पातळी खाली गेली की गिअर व बेअरिंग तापून झिजतात. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स व हायड्रॉलिक लिफ्टचे ऑइल एकच असल्याने लिफ्टही नीट उचलत नाही. कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये मागील ॲक्सलचे ऑइल ब्रेक लायनिंगवर गेल्यास ब्रेक लागत नाही. करंजी घाटासारख्या उतारावर भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

गळती कोठून, हे आधी ठरवा

ऑइल जेथून टपकते तेथूनच ते गळते असे नाही. ते वरून ओघळत येते. म्हणून सील विकत आणण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

1. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून लिफ्ट खाली करावी, इंजिन बंद करून चाकांना उटी लावावी. पुस्तिकेप्रमाणे ऑइलची पातळी पाहावी. जादा भरलेले ऑइलही बाहेर येते.

2. ब्रीदर काढून डिझेलने धुवावा व वाळवून बसवावा. काम करताना गिअर बॉक्स तापतो व आतील हवा प्रसरण पावते. ब्रीदर धुळीने बुजला असेल तर हा दाब सीलवर येतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर पडते. या तपासणीला खर्च काहीच नाही.

3. गिअर बॉक्स, मागील ॲक्सल व पी.टी.ओ.चा भाग डिझेल व ब्रशने धुऊन कोरडा करावा. संशयित जोडांवर खडूची पूड शिंपडावी. ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटे चालवून, इंजिन बंद केल्यावर पाहावे. पूड सर्वांत वर जेथे ओली झाली, तेथे गळतीचे मूळ असते.

4. ऑइल ओळखावे. वापरलेले इंजिन ऑइल काळे असते. गिअर ऑइल दाट व उग्र वासाचे असते. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरले आहे. ते बदलावे व पाणी शिरण्याची वाट शोधावी.

दुरुस्ती

*ड्रेन प्लग:* वॉशर बदलावा. आटे खराब असल्यास प्लगही बदलावा. जोर लावून आवळल्याने आटेच जातात.

*झाकणाचे पॅकिंग:* बोल्ट समोरासमोरचे घेत सारखे आवळावेत. तरीही गळल्यास जुने पॅकिंग पूर्ण खरवडून नवे बसवावे.

*पी.टी.ओ. व ॲक्सलचे सील:* जुन्या सीलवरील क्रमांक पाहूनच नवे घ्यावे. सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे ठेवावी, ओठाला ग्रीस लावावे व सील सरळ, सारख्या दाबाने बसवावे. त्यापूर्वी शाफ्ट हलवून पाहावा. बेअरिंग ढिले असेल किंवा शाफ्टवर खाच पडली असेल तर नवे सीलही टिकत नाही. ऑइलने भिजलेली ब्रेक लायनिंग धुऊन वापरू नये, बदलावी.

*क्लच हाउसिंगच्या खालील छिद्र:* येथून ऑइल आल्यास ते इंजिनचे की गिअर बॉक्सचे, हे प्रथम ओळखावे. यासाठी ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. काम वर्कशॉपमध्येच करावे. एकदा उघडल्यावर दोन्ही बाजूंची सीले बदलून घ्यावीत, म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. क्लच प्लेटला ऑइल लागले आहे का, तेही पाहावे.

खबरदारी

हायड्रॉलिक पाइपची गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील बारीक धार कातडीत शिरते. अशी इजा झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. तपासणीसाठी पुठ्ठा धरावा. केवळ जॅकच्या आधारावर ट्रॅक्टरखाली जाऊ नये, भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. काढलेले ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्यास द्यावे.

दुरुस्तीनंतर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल भरावे. पहिले आठ दिवस रोज सकाळी ट्रॅक्टरखाली पुठ्ठा ठेवून पाहावा. हे काम दसऱ्यापूर्वी गावातच उरकावे. कारखान्याच्या तळावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या उभ्या ठेवून मिस्त्री शोधत फिरण्यापेक्षा घरच्या अंगणातील एक दिवस कितीतरी स्वस्त पडतो.